पर्यावरणीय लाभांसाठी वटाव दर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल राखायचे की धरण बांधायचे, कारखान्याच्या धुराड्याला गाळणी बसवायची की नाही, कार्बनवर कर किती लावायचा, अशा कुठल्याही विषयावरचा खर्च-लाभ अहवाल उघडा. पद्धतीच्या प्रकरणात कुठेतरी एक ओळ सापडते: ‘वटाव दर अमुक टक्के धरला आहे.’ बहुतेक वाचक ती ओळ ओलांडून कोष्टकांकडे वळतात. प्रकल्प लांब पल्ल्याचा असेल तर अहवालाचा निकाल बऱ्याचदा त्याच ओळीत लागलेला असतो. ही प्रश्नोत्तरे असे अहवाल लिहिणाऱ्यांसाठी आहेत, आणि वाचून हरकती नोंदवणाऱ्यांसाठीही.

वटाव दर म्हणजे काय आणि त्याने किती फरक पडतो?

पुढे कधीतरी मिळणाऱ्या लाभाची आज किती किंमत धरायची, हे ठरवणारा दर म्हणजे वटाव दर, ज्याला अनेक जण सरळ डिस्काउंट रेट म्हणतात. चक्रवाढ व्याज उलटे चालवले की तो मिळतो. आजचे १०० दरसाल ३ टक्क्यांनी वाढून पुढच्या वर्षी १०३ होत असतील, तर पुढच्या वर्षीच्या १०३ चे आजचे मूल्य १००.

एका वर्षात हा फरक क्षुल्लक दिसतो. शंभर वर्षांत तो सगळे चित्र पालटतो. समजा, आज राखलेल्या एका पाणथळीमुळे शंभर वर्षांनी १० लाखांचे पूरनुकसान टळणार आहे. १ टक्का दराने त्या लाभाचे आजचे मूल्य सुमारे ३ लाख ७० हजार येते. २ टक्क्यांनी १ लाख ३८ हजार, ३ टक्क्यांनी ५२ हजार, ५ टक्क्यांनी ७,६०० आणि ७ टक्क्यांनी जेमतेम १,१५०. पाणथळ तीच, पूर तोच, वाचणारी घरेही तीच. दर १ वरून ७ वर नेला की आजचे मूल्य तीनशेहून अधिक पटींनी घटते. लाभ मोजताना आपण कितीही निष्काळजी राहिलो, तरी त्या मोजणीत एवढी मोठी चूक सहसा होत नाही.

हा महागाईचा दर आहे का?

नाही. महागाई शून्य असली तरी वटाव दर असू शकतो. नियम एवढाच, की लाभ स्थिर किमतींत मोजले असतील तर दरही महागाई वगळून धरायचा, आणि लाभ चालू किमतींत असतील तर दरात महागाई मिळवायची. वास्तव दर ३ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल तर चालू किमतींसाठीचा दर ८.१५ टक्के होतो. स्थिर किमतींतल्या लाभांना हा ८.१५ टक्के दर लावला की महागाई दोनदा कापली जाते आणि दूरचे लाभ विनाकारण चिरडले जातात. अहवाल तपासताना ही चूक सर्वांत आधी शोधावी. या पानावर पुढे जे दर येतात ते सगळे वास्तव, म्हणजे महागाई वगळून आहेत.

हवा, पाणी, जंगल यांना वटाव लावायचाच कशाला? शून्य दर का नको?

या प्रश्नामागची भावना मला पूर्ण मान्य आहे. तरीही शून्य दर हे उत्तर नव्हे, आणि त्याची कारणे नीट समजून घ्यायला हवीत.

पहिले कारण संसाधनांचे. आज एका कामावर घातलेले पैसे दुसऱ्या कामात लावले असते तर तिथेही फळ मिळाले असते. त्या सोडलेल्या फळाचा हिशेब कुठेतरी करावाच लागतो.

दुसरे कारण न्यायाचे. पुढच्या पिढ्या आपल्यापेक्षा सुस्थितीत असतील, तर आज अर्धपोटी असलेल्याकडून काढून उद्याच्या सुखवस्तू माणसाला देताना थोडे थांबायला हवे. दर शून्य धरला आणि लाभ अनंत काळ चालणारे असले, तर आजच्या पिढीकडून कितीही मोठा त्याग मागणे गणिताने ‘योग्य’ ठरते. मग आजच्या गरिबांच्या ताटातले काढणेही त्या हिशेबात बसते.

तिसरे कारण थोडे तांत्रिक आहे. खर्चाला वटाव लावायचा आणि पर्यावरणीय लाभाला लावायचा नाही, अशी तडजोड काही जण सुचवतात. १९८३ मध्ये कीलर आणि क्रेटिन यांनी आरोग्य कार्यक्रमांच्या संदर्भात तिचा विचित्र परिणाम दाखवून दिला. काम एक वर्ष पुढे ढकलले की खर्चाचे आजचे मूल्य घटते, लाभाचे मात्र तेवढेच राहते. म्हणजे पुढे ढकलणे नेहमीच फायद्याचे. पुढच्या वर्षी पुन्हा तोच हिशेब. निसर्गाच्या कळवळ्याने घेतलेली ही पद्धत निसर्गरक्षणाचे काम कधी सुरूच होऊ देत नाही.

दर काढण्याचे काही सूत्र आहे का?

आहे. फ्रँक रॅम्सी या तरुण ब्रिटिश गणितज्ञाने १९२८ मध्ये बचतीवर लिहिलेल्या निबंधातून ते आले. वटाव दर = शुद्ध काळपसंती + (सीमांत उपयोगितेची लवचिकता × दरडोई उपभोगाची वाढ).

शुद्ध काळपसंती म्हणजे केवळ काळ पुढचा आहे एवढ्याच कारणाने त्याला दिलेले कमी वजन. लवचिकता म्हणजे माणूस श्रीमंत होत जातो तसतशी त्याच्यासाठी वाढीव एककाची किंमत किती वेगाने घसरते त्याचे माप. ती १ धरली तर दुप्पट उपभोग असलेल्या माणसाला मिळालेले एक एकक अर्ध्या मोलाचे ठरते, २ धरली तर पाव मोलाचे. तिसरा घटक, म्हणजे वाढ, हा भविष्याचा अंदाज.

ब्रिटनच्या वित्त मंत्रालयाच्या ग्रीन बुकमधला, म्हणजे प्रकल्पांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेतला, ३.५ टक्के दर याच सूत्रातून येतो: काळपसंती आणि तिच्यात मिळवलेला मोठ्या आपत्तीचा धोका मिळून १.५, लवचिकता १, वाढ २ टक्के. तीन आकडे मांडलेले असल्यामुळे वाचकाला कुठल्या आकड्याशी भांडायचे ते कळते. दर कुठूनही येवो, अहवालात तो असा फोडून दाखवणे हे माझ्या मते किमान कर्तव्य आहे.

हेही लक्षात घ्या की सूत्रातली वाढ ऋण असू शकते. हवामान इतके बिघडले की पुढची पिढी आपल्यापेक्षा गरीब असेल, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी सूत्राचा दुसरा भाग शून्याखाली जातो. मग उद्याचा लाभ आजच्यापेक्षा जास्त मोलाचा ठरतो, आणि त्यात तर्कदुष्ट काहीच नाही.

शुद्ध काळपसंती किती धरावी?

दूरच्या पिढ्यांच्या बाबतीत जवळजवळ शून्य. हे माझे मत आहे, पण त्याला जुना आधार आहे. पुढच्या सुखांना केवळ पुढची म्हणून कमी लेखणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येते, असे खुद्द रॅम्सीने त्या निबंधात म्हटले आहे. अर्थशास्त्रज्ञ पिगूनेही आपल्या दूरदृष्टीतला हा दोष दाखवला होता.

आकड्यांत पाहिले की मुद्दा अंगावर येतो. काळपसंती १.५ टक्के धरणे म्हणजे सुमारे ४७ वर्षांनी जन्मणाऱ्या मुलाचे सुखदुःख आज जन्मलेल्या मुलाच्या निम्म्याने मोजणे. ३ टक्के धरली तर तेवढी घट २३-२४ वर्षांतच होते. ते मूल गरीब असो की श्रीमंत, याच्याशी या वजनाचा काही संबंध नाही. ते उशिरा जन्मले एवढाच त्याचा गुन्हा. आपण स्वतःच्या आयुष्यात आजचे सुख उद्यावर टाकायला नाखूश असतो हे खरे. पण तिथे उतावीळही आपण आणि परिणाम भोगणारेही आपण. दुसऱ्याच्या आयुष्यावर आपली अधीरता लादायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

एक कारण मात्र ग्राह्य आहे: पुढे माणूसजातच उरली नाही तर? हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावरच्या स्टर्न अहवालात (त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात) काळपसंती ०.१ टक्का धरली आहे ती याच धोक्यापोटी. तेवढा दर धरणे म्हणजे शंभर वर्षांत मानवजात नष्ट होण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मानणे. म्हणजे तो आकडाही फार आशावादी नाही.

स्टर्न आणि नॉर्डहाउस यांच्यातला वाद नेमका कशावरून होता?

ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावर अहवाल दिला. उत्सर्जन रोखण्याचा वार्षिक खर्च जागतिक उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का, आणि न रोखल्यास होणारे नुकसान ५ ते २० टक्क्यांएवढे, असा त्याचा सारांश. तातडीने आणि जोरदार पावले उचला, हा निष्कर्ष. अमेरिकेतले विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना पुढे २०१८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, यांचे म्हणणे होते की हा निष्कर्ष बहुतांशी स्टर्न यांनी धरलेल्या कमी दराचा आहे.

स्टर्न यांचे आकडे: काळपसंती ०.१, लवचिकता १, वाढ १.३ टक्के, दर १.४ टक्के. नॉर्डहाउस यांनी त्या काळच्या आपल्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) काळपसंती १.५ आणि लवचिकता २ धरली होती. वाढ २ टक्के मानली तर दर ५.५ टक्के. शंभर वर्षांनंतरच्या त्याच नुकसानीचे आजचे मूल्य या दोन दरांनी काढले तर पन्नासहून अधिक पटींचा फरक येतो.

हा वाद हवामानशास्त्राचा नव्हता. दोघेही तापमानवाढ खरी मानत होते आणि कार्बनवर किंमत लावा असेच सांगत होते. मतभेद होता तो दर कुठून आणायचा यावर. स्टर्न यांनी तो नीतिविचारातून घेतला, नॉर्डहाउस यांनी लोक बाजारात प्रत्यक्ष कसे वागतात त्यावरून. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा तिसरा सूर मला अधिक महत्त्वाचा वाटतो: स्टर्न यांचा दर फार कमी असेलही, पण महाभयंकर परिणामांच्या शक्यतेकडे पाहिले तर तातडीचा निष्कर्ष वेगळ्या कारणासाठी बरोबर असू शकतो.

बाजारातला व्याजदर किंवा गुंतवणुकीवरचा परतावा का वापरू नये?

दहा-वीस वर्षांच्या कामांसाठी त्याला अर्थ आहे. सार्वजनिक पैसा खासगी गुंतवणुकीतून खेचला जात असेल, तर तिथला हुकलेला परतावा मोजलाच पाहिजे. अमेरिकी सरकारच्या खर्च-लाभ विश्लेषणासाठीच्या २००३ च्या नियमावलीत ७ टक्के दर आला तो खासगी भांडवलाच्या करपूर्व परताव्यावरून, आणि त्याच्याच शेजारचा ३ टक्के दर आला सरकारी रोख्यांच्या दीर्घकालीन वास्तव परताव्यावरून.

अडचणी तीन आहेत. शंभर-दोनशे वर्षांचा बाजार जवळजवळ अस्तित्वातच नाही. खासगी परताव्यात जोखमीचा मोबदला मिसळलेला असतो, आणि तो सगळ्या सार्वजनिक लाभांना लागू होत नाही. शिवाय खासगी परताव्याचा काही भाग प्रदूषणाचा खर्च इतरांवर ढकलून मिळवलेला असतो. तोच परतावा कसोटी म्हणून घेऊन प्रदूषण रोखणारे काम नापास करणे मला अन्यायाचे वाटते.

फार लांबच्या बाजाराची एक दुर्मिळ झलक मात्र मिळते. ब्रिटन आणि सिंगापूरमध्ये घरे कायम मालकीने विकली जातात तशी फार लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही विकली जातात. दोन्हींच्या किमतींतल्या फरकावरून शंभर वर्षांपुढच्या लाभाला खरेदीदार किती मोल देतात ते निघते. जिल्यो, माज्जोरी आणि श्ट्रोबेल यांनी २०१५ मध्ये तो हिशेब केला, तेव्हा इतक्या दूरच्या काळासाठीचा दर २.६ टक्क्यांखाली आला. म्हणजे ‘बाजार पाहा’ म्हणणाऱ्यांनी खरोखर लांबचा बाजार पाहिला तर तोही ७ टक्के म्हणत नाही.

मग पर्यावरणीय लाभांसाठी वेगळा, कमी दर ठेवावा का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझे उत्तर: दर सगळ्यांना एकच ठेवा आणि निसर्गाची वाढती किंमत लाभाच्या रकान्यात दाखवा.

दर कमी केला की निसर्ग आपोआप वाचतो, हा समज चुकीचा आहे. कमी दराने लांब पल्ल्याची आणि सुरुवातीला प्रचंड भांडवल खाणारी सगळीच कामे आकर्षक होतात, आणि त्यात मोठी धरणे येतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत नद्यांवरची कामे मंजूर करून घेताना जे कमी दर वापरले जात, त्यांवर १९५८ मध्ये टीका करणाऱ्यांत जॉन क्रुटिला होते. निसर्गरक्षणाच्या अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पुढे त्यांचेच नाव आले. उलट बाजूने, जास्त दर अणुभट्टी मोडण्याचा किंवा खाण बुजवून जमीन सावरण्याचा खर्च दिसेनासा करतो. म्हणजे दर कुठल्या बाजूला झुकवतो ते खर्च आणि लाभ कधी येतात यावर ठरते. त्याला हिरवा किंवा काळा असा रंग नसतो.

लाभाच्या रकान्यात काय करायचे ते क्रुटिला यांनीच १९६७ च्या लेखात आणि नंतर अँथनी फिशर यांच्यासोबत केलेल्या कामात दाखवले. स्नेक नदीवरच्या हेल्स कॅन्यन या खोल दरीत जलविद्युत धरण बांधायचे की दरी तशीच ठेवायची, असा पेच होता. वीज दुसऱ्या मार्गांनीही तयार होते आणि तंत्रज्ञान सुधारेल तसे ते मार्ग स्वस्त होतात, म्हणून धरणाचा सापेक्ष लाभ दरवर्षी घटत जातो. तशी दुसरी दरी मात्र कुणी तयार करू शकत नाही, आणि लोकांचे उत्पन्न वाढते तशी तिच्यासाठीची मागणी वाढते, म्हणून ती राखण्याचा लाभ दरवर्षी वाढत जातो. दर दोन्ही बाजूंना तोच ठेवूनही एवढ्या फरकाने पारडे फिरते. १९७५ मध्ये कायद्याने त्या परिसराला संरक्षण मिळाले आणि दरीतली नदी वाहती राहिली.

याला आता सापेक्ष किंमतवाढ म्हणतात. वस्तू मुबलक होत जातात, परिसंस्था दुर्मिळ होत जातात, म्हणून परिसंस्थांच्या सेवांची किंमत इतर वस्तूंच्या तुलनेत वाढते. २०१५ मध्ये बाउमगेर्टनर आणि सहकाऱ्यांनी जागतिक पातळीवर काढलेला अंदाज असा, की परिसंस्था सेवांसाठीचा परिणामी दर इतर वस्तूंपेक्षा सुमारे ०.९ टक्के-बिंदूंनी कमी यावा. नेदरलँड्समध्ये निसर्गाची ही किंमतवाढ सरकारी विश्लेषणात विचारात घेतली जाते.

गणित सोपे आहे. दर ३.५ टक्के आणि लाभाची किंमत दरसाल १.५ टक्के वाढणारी असेल, तर तो लाभ जवळपास २ टक्क्यांनीच वटवला जातो. ‘मग सरळ २ टक्के दर धरला तर काय बिघडले?’ असे कोणी विचारेल. बिघडते ते हे, की त्यामुळे का आणि किती हे झाकले जाते. पाणथळीची दुर्मिळता वाढते आहे हे विधान तपासता येते, त्यावर पुरावा मागता येतो. मूठभर सहानुभूती म्हणून कमी केलेला दर पुढचा अधिकारी तितक्याच सहज वाढवतो.

काळ वाढत जाईल तसा दर कमी करत न्यायचा, हे काय प्रकरण आहे?

वाइट्झमन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या युक्तिवादावर ते उभे आहे. भविष्यातला खरा दर काय असेल हे आज माहीत नाही. समजा तो १ टक्का असण्याची शक्यता निम्मी आणि ७ टक्के असण्याची निम्मी. सरळ सरासरी ४ टक्के. पण सरासरी दरांची घ्यायची नसते, आजच्या मूल्यांची घ्यायची असते. शंभर वर्षांनंतरच्या एका एककाचे आजचे मूल्य १ टक्क्याने ०.३७, ७ टक्क्यांनी ०.००१. दोन्हींची सरासरी ०.१८५. हे मूल्य ज्या एकाच दराने आले असते तो दर साधारण १.७ टक्के. ४ टक्के धरले असते तर फक्त ०.०२ आले असते, म्हणजे नऊ पटींहून अधिक कमी. हाच हिशेब दहा वर्षांसाठी केला तर दर ३.५ टक्के येतो आणि दोनशे वर्षांसाठी १.३५. काळ लांबतो तसा जास्त दराचा भाग विरघळून जातो आणि कमी दरच उरतो.

या युक्तिवादावर सैद्धांतिक वाद झाले. क्रिस्टियान गोलिए यांनी आजच्या मूल्याऐवजी भविष्यातले मूल्य घेतले तर उलटा निष्कर्ष येतो असे दाखवले. पुढे दोघांनी मिळून ते कोडे सोडवले आणि घटत्या दराची बाजू टिकली.

सरकारांनी हे स्वीकारले आहे. ब्रिटनमध्ये पहिली ३० वर्षे ३.५ टक्के, मग ७५ वर्षांपर्यंत ३, आणि तसेच उतरत ३०० वर्षांपुढे १ टक्का. फ्रान्सने २००५ च्या शिफारशीनंतर ३० वर्षांपर्यंत ४ टक्के आणि पुढे २ टक्क्यांकडे उतरता दर घेतला. नॉर्वेत ४० वर्षांपर्यंत ४, ७५ पर्यंत ३, त्यानंतर २.

दर घटत गेला तर आजचा निर्णय उद्या बदलावासा वाटणार नाही का?

केवळ अधीरतेमुळे दर घटत असेल तर वाटेल. रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी १९५५ मध्येच ही विसंगती मांडली होती. अनिश्चिततेमुळे घटत असेल तर गोष्ट वेगळी. नवी माहिती आल्यावर निर्णय बदलणे म्हणजे शहाणपण.

जे एकदा गेले की परत येत नाही, त्याचे काय?

इथे दराच्या चर्चेची हद्द संपते असे मला प्रामाणिकपणे वाटते. गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये देवमाशांसारख्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्यांचा हिशेब मांडला. वटाव दर प्रजातीच्या वाढीच्या वेगापेक्षा पुरेसा जास्त असेल, तर शिकारीच्या नफ्याच्या दृष्टीने सगळे देवमासे आजच मारून पैसे दुसरीकडे गुंतवणे ‘इष्टतम’ निघते. गणितात कुठेही चूक नाही. चूक आहे ती देवमाशाला फक्त तेल आणि मांसाचा साठा समजण्यात.

अशा ठिकाणी दोन गोष्टी कराव्यात. एक, केनेथ अ‍ॅरो आणि फिशर यांनी १९७४ मध्ये दाखवलेले ‘पर्याय खुला ठेवण्याचे मूल्य’ लाभात धरावे: थांबून आणखी माहिती मिळवता येत असेल, तर आज न तोडण्याला स्वतःची किंमत असते. दोन, काही मर्यादा हिशेबाच्या बाहेर ठेवाव्यात. प्रजाती नामशेष होऊ द्यायची नाही, भूजल विषारी होऊ द्यायचे नाही, हे आधी ठरवावे आणि त्या चौकटीत सर्वांत स्वस्त मार्ग शोधण्यासाठी वटाव दर वापरावा.

प्रकल्प जोखमीचा आहे म्हणून दर एक-दोन टक्क्यांनी वाढवला तर?

करू नका. जोखीम वाढीव दरातून मोजली की ती दरवर्षी चक्रवाढीने वाढते असे गृहीत धरले जाते, आणि प्रत्यक्षात ती तशी क्वचितच असते. शक्यता लाभांच्या आकड्यांतच मांडा. शिवाय पूर, दुष्काळ अशा वाईट काळात उपयोगी पडणारे लाभ विम्यासारखे असतात. त्यांच्यासाठी दर वाढवणे सोडाच, कमी करण्याला आधार आहे.

दर बदलल्याने धोरण खरोखर बदलल्याचे उदाहरण आहे का?

अमेरिकेतली ‘कार्बनची सामाजिक किंमत’ पाहा: एक टन कार्बन डायऑक्साइडने होणाऱ्या नुकसानीचे आजचे मूल्य. २०२१ च्या सरकारी अंतरिम अंदाजात २०२० मधल्या एका टनासाठी ५ टक्के दराने १४ डॉलर, ३ टक्क्यांनी ५१ आणि २.५ टक्क्यांनी ७६ असे आकडे होते. पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये प्रतिमाने सुधारली आणि दर २ टक्क्यांवर आणला, तेव्हा आकडा १९० डॉलर झाला. त्याच वर्षी सर्वसाधारण नियमावलीतला दरही २ टक्के करण्यात आला. २०२५ च्या सुरुवातीला ती सुधारणा रद्द होऊन २००३ ची ३ आणि ७ टक्क्यांची नियमावली परत आली.

सरकार बदलले की दर बदलतो, हे पाहून अनेकांचा या सगळ्या शास्त्रावरचा विश्वास उडतो. मला त्यातून एवढेच दिसते की दर हा नेहमीच राजकीय निर्णय होता. तो उघडपणे, कारणांसह घेतला जावा अशी मागणी करणे आपल्या हातात आहे.

विकास बँकांची वाटही पाहण्यासारखी आहे. आशियाई विकास बँक पूर्वी १२ टक्क्यांची कसोटी लावत असे. २०१७ च्या मार्गदर्शिकेत ती ९ टक्क्यांवर आली, आणि सामाजिक व पर्यावरणीय लाभांच्या काही प्रकल्पांसाठी ६ वर.

या विषयात तज्ज्ञांचे एकमत आहे का?

वाटते त्यापेक्षा बरेच आहे. वाइट्झमन यांनी २००१ मध्ये दोन हजारांहून अधिक अर्थशास्त्रज्ञांची मते प्रसिद्ध केली तेव्हा सरासरी ४ टक्क्यांच्या जवळ आली होती, पण उत्तरे फार विखुरलेली होती. ड्रुप, फ्रीमन, ग्रूम आणि नेस्ये यांनी २०१८ मध्ये या विषयातल्याच सुमारे दोनशे तज्ज्ञांची मते प्रसिद्ध केली. दीर्घकालीन सामाजिक दराचा मध्यक २ टक्के आला, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना २ टक्के दर स्वीकारार्ह वाटला. कारणे प्रत्येकाची वेगळी होती. कोणी नीतीतून तिथे पोहोचले, कोणी व्याजदरांवरून.

मग मी माझ्या विश्लेषणात नेमके काय धरू?

तुमच्या सरकारची किंवा निधी देणाऱ्या संस्थेची नियमावली असेल तर तिचा दर मुख्य कोष्टकात ठेवा. नाहीतर तुमच्या प्रकल्पाची इतरांशी तुलना होणार नाही. त्याच्या शेजारी दुसरे कोष्टक द्या: ३० वर्षांपर्यंत २ ते ३ टक्के, त्यापुढे उतरता दर. वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेत सूत्रातली वाढ जास्त असल्याने सुरुवातीचा दर याहून वर असणे न्याय्य ठरू शकते; मात्र मग ती वाढ किती वर्षे टिकेल हेही लिहा.

परिसंस्थांच्या लाभांना सापेक्ष किंमतवाढ लावा. ती काढायला स्थानिक आकडे नसतील तर शून्य आणि १ टक्का अशा दोन्ही गृहीतांनी उत्तर दाखवा. आणि कुठल्या दराला निकाल उलटतो, तो दर ठळकपणे द्या. ‘दर २.८ टक्क्यांखाली असेल तर पाणथळ राखणे फायद्याचे, त्याहून जास्त असेल तर भराव टाकणे’ असे एक वाक्य निर्णय घेणाऱ्याला दहा कोष्टकांपेक्षा जास्त सांगते, कारण मग चर्चा २.८ पेक्षा जास्त दर समर्थनीय आहे का यावर येते.

दुसऱ्याचा अहवाल तपासताना काय पाहावे?

दर वास्तव आहे की महागाईसह, हे आधी. मग हिशेब कितव्या वर्षी थांबवला ते. धरणाचे आयुष्य ५० वर्षे धरून जंगलाचे लाभही ५० वर्षांवर तोडलेले अनेकदा आढळतात, जणू ५१ व्या वर्षी जंगल काम थांबवते. हिशेब असा मध्येच तोडणे म्हणजे त्यापुढच्या वर्षांना अनंत दर लावणे होय, आणि ती गोष्ट दराच्या ओळीत दिसत नाही. शेवटी, प्रकल्प बंद करतानाचा खर्च हिशेबात आहे का, आणि असल्यास वटाव लावल्यानंतर तो किती उरला, ते पाहा.

माझा प्रकल्प दहा वर्षांचाच आहे. मला या सगळ्याची गरज आहे का?

फारशी नाही. दहा वर्षे दरसाल समान लाभ मिळत असेल तर ३ टक्क्यांऐवजी ७ टक्के धरल्याने एकूण मूल्य सुमारे १८ टक्क्यांनी घटते; तोच लाभ शंभर वर्षे चालणारा असेल तर निम्म्याहून जास्त घटते. दहा वर्षांच्या कामात तुमचा वेळ लाभ नीट मोजण्यावर घालवा. फक्त परिणामही दहा वर्षांतच संपतात याची खात्री करून घ्या. काम दहा वर्षांचे आणि त्यातून भूजलात गेलेले शिसे-पारा पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, असे असेल तर तुमचा प्रकल्प दहा वर्षांचा नाही.